आपलें आपण गणित शिकणें

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत तरुण मंडळापुढें दिलेलें भाषण)



गणितावर बोलण्याचें काम आमच्याकडे आलें, तेव्हां घरच्या मंडळींस हसूं आवरेना. शाळेंत ह्या विषयांत आम्ही दोनदां नापास झालों, ही गोष्ट गांवांत कोणापासून लपलेली नाहीं. चाळिशी उलटल्यावर आम्हीं पुन्हां गणिताचें पुस्तक उघडलें, तें मुलीचा अभ्यास घ्यावयाचा म्हणून. मुलगी पुढें निघून गेली. आम्ही मात्र अद्याप तेथेंच रमलों आहों. तेव्हां आजचें बोलणें पंडिताचें नव्हे, उशिरां वाटेला लागलेल्या विद्यार्थ्याचें आहे.

गणिताची गोडी कशी लागावी, असें पुष्कळ तरुण आम्हांस विचारतात. उत्तरादाखल एका मुलीची हकीकत सांगतों. सोफी जेर्मेन ही १७७६ सालीं पॅरिस शहरांत एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं जन्मली. १७८९ सालीं राज्यक्रांतीचा वणवा पेटला, बाहेर पडण्याची सोय राहिली नाहीं, आणि तेरा वर्षांची ही मुलगी वडिलांच्या पुस्तकांत दिवस काढूं लागली. तेथें माँतुक्ला यांच्या गणिताच्या इतिहासांत तिनें आर्किमिडीजच्या मृत्यूची कथा वाचली. सिराक्यूज शहर रोमन सैन्यानें घेतलें, तरी हा वृद्ध पुरुष भूमितीच्या आकृतींत गढून गेला होता. शिपायाला उत्तर देण्याचें त्याला भान राहिलें नाहीं, आणि शिपायानें त्याला ठार केलें. जिच्यापुढें माणसाला मरणाचाही विसर पडतो ती विद्या आहे तरी कशी, हें पाहण्याची तिला उत्कंठा लागली.

म्हणजे गोडी लागली ती उदाहरणें सोडवून नव्हे, एका गोष्टीनें. परंतु गोष्टीची ऊब एक रात्र पुरते. आईवडिलांस मुलीच्या जातीनें गणित शिकणें पसंत नव्हतें. रात्रीं तिच्या खोलींतील विस्तव विझवीत, मेणबत्त्या उचलून नेत, कपडेही काढून नेत, असें तिचे चरित्रकार सांगतात. लपविलेल्या मेणबत्त्या लावून व पांघरुणें गुंडाळून ती वाचीत बसे. एके सकाळीं ती मेजावरच झोपलेली आढळली; दौतींतील शाई गोठून गेली होती. तेव्हां कोठें घरच्यांनीं विरोध सोडला. न्यूटन आणि ऑयलर यांचे ग्रंथ लॅटिन भाषेंत होते. म्हणून ती लॅटिनही आपली आपणच शिकली.

१७९४ सालीं पॅरिसमध्यें एकोल पोलितेक्निक हें विद्यालय निघालें. तेथें स्त्रियांस प्रवेश नव्हता. सोफीनें व्याख्यानांचीं टिपणें मिळविलीं, आणि ल ब्लां ह्या पुरुषाच्या नांवानें प्राध्यापक लाग्रांज यांस आपला निबंध पाठविला. पुढें १८०४ पासून त्याच नांवानें तिनें जर्मनीचे थोर गणिती गाउस यांच्याशीं पत्रव्यवहार केला. १८०७ सालीं खरें नांव उघड झालें, तेव्हां गाउस यांनीं तिचा गौरवच केला.

येथवरची कथा ऐकून टाळ्या वाजविणें सोपें आहे. आम्हांस अधिक उपयोगी वाटतो तो पुढला भाग. धातूच्या पातळ पत्र्यावर वाळू पसरून कडेवर व्हायोलिनचा गज ओढला, तर वाळूच्या सुबक आकृति उठतात. (आपल्या गायकवृंदांतील व्हायोलिनवाल्यांनीं हें करून पाहावें, मात्र गज जुना घ्यावा.) ह्या कंपनांचें गणित मांडणारास पॅरिसच्या इन्स्टिट्यूटनें बक्षीस लाविलें. १८११ सालीं उत्तर आलें तें एकट्या सोफीबाईंचें, आणि तेंही चुकलेलें निघालें! बुद्धि कमी पडली असें नव्हे. एकटीनें शिकतां शिकतां पायांतले कांहीं धोंडे बसावयाचे राहून गेले होते, व ते दाखविणारें जवळ कोणी नव्हतें. समीकरण लाग्रांज यांनीं दुरुस्त केलें. १८१३ सालीं दुसऱ्या प्रयत्नास नुसता सन्माननीय उल्लेख मिळाला. १८१६ सालीं तिसऱ्या खेपेस बक्षीस मिळालें, तरी परीक्षकांचें पूर्ण समाधान झालें नव्हतेंच.

आमचाही अनुभव, लहान मापानें कां होईना, असाच आहे. ऋण संख्यांच्या गुणाकारांत आम्हीं एक चूक दोन वर्षें मोठ्या निष्ठेनें सांभाळली होती. मुलीच्या एका मैत्रिणीनें ती पांच मिनिटांत दाखवून दिली. त्या दिवशीं लाज वाटली खरी. पण त्या रात्रीं आम्ही जितके आनंदानें गणित करीत बसलों, तितके पूर्वीं कधीं बसलों नव्हतों. पुस्तक आपलें आपण वाचावें. वही मात्र दुसऱ्यास दाखवावी.

आतां सोफीबाईंच्या नांवाचा एक खेळ सांगतों. एक आणि ती स्वतः यांवांचून जिला दुसरी कोणतीही संख्या निःशेष भागीत नाहीं, ती मूळ संख्या. अशी संख्या घ्यावी, दुप्पट करावी व एक मिळवावा. २ पासून ५ येतात, ५ पासून ११, ११ पासून २३, २३ पासून ४७, सर्व मूळच. परंतु ७ घेतले तर १५ येतात आणि खेळ फसतो. १३ घेतले तर २७ येतात. ज्यांचा खेळ फसत नाहीं त्या मूळ संख्यांस सोफी जेर्मेन यांचें नांव आहे, कारण फर्मा यांच्या प्रसिद्ध प्रश्नावर काम करतांना त्यांनीं ह्या संख्यांचा मोठा उपयोग केला. अशा संख्या अनंत आहेत काय? आजतागायत हें कोणास सिद्ध करतां आलेलें नाहीं. प्रश्न पांचवीच्या मुलास समजतो, आणि जगांतले पंडित त्यापुढें थांबले आहेत! हें प्रथम कळलें त्या रात्रीं आम्हांस लवकर झोंप आली नाहीं.

दर शनिवारीं सायंकाळीं आम्ही शाळेच्या ओट्यावर वही घेऊन बसतों. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं ८९ पासून आरंभ करावा, दुप्पट करून एक मिळवीत जावें, आणि साखळी कोणत्या संख्येवर तुटली तें लिहून आणावें. आमचें उत्तर तपासावयास कोणी तरी पाहिजेच आहे.