वाफेकडून विजेकडे : कामगारांच्या नव्या शिक्षणाचा प्रश्न

एखादा उद्योग बदलू लागतो तेव्हा नवी यंत्रे कोठून आणावयाची, त्यांना किती पैसा लागेल आणि तो किती वर्षांत वसूल होईल, याचा हिशेब सर्वांत आधी मांडला जातो. त्या यंत्रांशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला नवे काम शिकण्यास किती महिने लागतील, आणि त्या महिन्यांत त्याच्या घरची चूल कशावर पेटेल, हा हिशेब मागाहून मांडला जातो. पुष्कळदा तो मांडलाच जात नाही. भारताने २०२१ साली ग्लासगो येथील जागतिक परिषदेत २०७० पर्यंत कर्बवायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला. तेव्हापासून 'हरित कौशल्ये' आणि 'डिजिटल कौशल्ये' हे शब्दप्रयोग शासकीय अहवालांत आणि सभासंमेलनांत सर्रास ऐकू येतात. शब्द नवे असले तरी त्यांमागचा प्रश्न जुना आहे. या देशाने तो एकदा फार मोठ्या प्रमाणावर सोडविला आहे, आणि एकदा तितक्याच मोठ्या प्रमाणावर तो त्याच्या हातून निसटलाही आहे. हे दोन्ही अनुभव शेजारी ठेवून पाहिल्यावाचून पुढील वाटेचा विचार करता येणार नाही.

पहिला अनुभव रेल्वेचा. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर असे आणि त्याच्या हाताखाली आगवाले असत. शेडमध्ये इंजिने पुसणारा खलाशी पुढे दुसरा आगवाला होई, मग पहिला आगवाला, मग शंटर, आणि वयाची उमेद सरत आली असता मालगाडीचा ड्रायव्हर. ही शिडी लांब होती. पण तिची प्रत्येक पायरी ठाऊक असलेली होती. आगवाल्याचे काम म्हणजे केवळ फावड्याने कोळसा लोटण्याचे अंगमेहनतीचे काम, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. कोळसा भट्टीत पातळ आणि सारखा पसरावा लागे. मागचे कोपरे रिकामे राहिले तर थंड हवा आत शिरून वाफ पडे. धुराचा रंग पाहून हवा कमी आहे की जास्त हे ओळखावे लागे. चढ लागण्यापूर्वी आग तयार ठेवावी लागे, कारण चढावर आल्यानंतर केलेली धावपळ व्यर्थ असे. आणि काचेच्या नळीतील पाण्याच्या पातळीवरून नजर ढळून चालत नसे. भट्टीच्या छतावरचे पाणी उतरले तर बॉयलर फुटण्याचा धोका असे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात पुरतेपणी लिहिलेले नव्हते. ते वरिष्ठाच्या शेजारी उभे राहून, त्याच्या शिव्या खात, वर्षानुवर्षे मिळवावे लागे.

हे सारे ज्ञान एका पिढीच्या अवधीत निरुपयोगी ठरले. विजेची गाडी भारतात १९२५ सालीच आली होती. ३ फेब्रुवारी रोजी ती मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली, आणि १९३० च्या सुमारास बोरघाट व थळघाट विजेची इंजिने चढू लागली. परंतु देशाचे बहुतेक जाळे पुढील कित्येक दशके वाफेवरच चालत होते. चित्तरंजनचा कारखाना १९५० साली निघाला तोही वाफेची इंजिने घडविण्यासाठीच. त्याच कारखान्यातून १९६१ साली 'लोकमान्य' हे नाव धारण केलेले विजेचे इंजिन बाहेर पडले. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षे तेथे एकीकडे बॉयलर घडत होते आणि दुसरीकडे विजेची इंजिने जुळविली जात होती. १९७२ साली वाफेच्या इंजिनांचे उत्पादन थांबले, तोवर तेथे अशी २,३५१ इंजिने तयार झाली होती. ब्रॉडगेजवरील नियमित वाहतुकीतून वाफ गेली ती मात्र १९९५ साली.

या दोन सालांमधले अंतर तेवीस वर्षांचे आहे, आणि सारी गोष्ट या अंतरातच आहे. जुन्या पिढीतील पुष्कळ आगवाले या काळात आपल्याच कामावरून निवृत्त झाले. तरुण होते त्यांना शेडला जोडलेल्या डिझेलच्या आणि विजेच्या शाळांत पाठविण्यात आले. तेथे बसून ते मंडलांचे आराखडे शिकत असताना त्यांचा पगार चालू असे. शिकून आल्यावर ते सहायक चालक म्हणून उभे राहत. फावडे गेले; परंतु सिग्नल मोठ्याने उच्चारून ड्रायव्हरशी ताडून पाहणे, चढउतारांची आणि वळणांची ओळख, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी डोळा लागू न देणे, ही त्यांची जुनी विद्या नव्या डब्यातही कामास येई. ज्यांना नवे काम जमले नाही त्यांना रेल्वेतच अन्यत्र सामावून घेण्याचा रिवाज होता. नोकरी एकच राहिली, तीमधील काम बदलले.

हे चित्र डागविरहित होते असे मात्र कोणी समजू नये. टेंडरमध्ये कोळसा भरणारे, राखेच्या खड्ड्यात उतरणारे, यांतील अनेक जण ठेकेदाराच्या हाताखालचे होते. ते या शिडीच्या पहिल्या पायरीवरही कधी चढले नव्हते. वाफ गेली तेव्हा त्यांना शाळेत कोण पाठविणार? त्यांची गणतीच वेगळ्या वहीत होती. ही गोष्ट येथे नोंदवून ठेवणे अवश्य आहे, कारण आजच्या परिस्थितीत ती मध्यभागी येऊन बसली आहे.

दुसरा अनुभव मुंबईच्या गिरणगावाचा. तो मराठी वाचकांस इतका परिचित आहे की त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पुढे १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. उद्योगांच्या फेररचनेत ज्यांचे काम जाईल त्यांना नवे शिक्षण देऊन पुन्हा कामाला लावणे, हा त्याच्या घोषित हेतूंपैकी एक होता. प्रत्यक्षात त्यातील फार मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात खर्च झाला, आणि शिक्षणाच्या वाट्याला थोडे आले. जे आले तेही उशिरा. साच्यावर वीस वर्षे काढलेला, पन्नाशीकडे झुकलेला विणकर, हातची रक्कम मुलीच्या लग्नात आणि जुन्या देण्यांत संपल्यानंतर शिक्षणवर्गाला येऊन बसेल, ही अपेक्षाच मुळात विचित्र होती. तो पहारेकरी झाला, भाजीची गाडी घेऊन उभा राहिला, किंवा कोकणात नाहीतर घाटावर आपल्या गावी परतला. शिकण्याची त्याची पात्रता कमी होती असे मानण्यास आधार नाही. धोट्याचा आवाज ऐकून सूत कोठे तुटणार हे सांगणारा माणूस मंदबुद्धी नसतो. रेल्वेच्या आगवाल्याला जे मिळाले होते, म्हणजे चालू पगारातला अवकाश, ते त्याला मिळाले नाही.

आता आजच्या काळाकडे यावयाचे. ब्रॉडगेजच्या जाळ्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भागाचे विद्युतीकरण झाले आहे. वाराणसीचा डिझेल इंजिनांचा कारखाना विजेची इंजिने घडवू लागला आणि २०२० साली त्याच्या नावातूनही डिझेल गेले. रेल्वेने आपला दुसरा पालटही बहुतांशी पार पाडला आहे. परंतु तिच्या तारेतून वाहणारी वीज येते कोठून? तिचा मोठा हिस्सा अद्याप कोळशातूनच येतो. आगवाल्याचे फावडे इंजिनावरून उतरले; तारेच्या दुसऱ्या टोकाला, खाणीत आणि औष्णिक केंद्रात, काम चालूच आहे. म्हणून खरा प्रश्न आता तेथे जाऊन पोचला आहे.

कोळशाच्या खाणींबाबत एक चमत्कारिक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. देशाने २०२४-२५ मध्ये शंभर कोटी टनांच्या उत्पादनाचा टप्पा ओलांडला. म्हणजे कोळसा अद्याप वाढतोच आहे. पण कोळसा काढणारा कायम कामगार मात्र केव्हापासूनच घटतो आहे. कोल इंडियाच्या पटावर या शतकाच्या आरंभी सुमारे पाच लाख माणसे होती. आज ती अडीच लाखांहूनही कमी आहेत. याच काळात कंपनीचे उत्पादन सुमारे २९ कोटी टनांवरून २०२३-२४ मध्ये ७७ कोटी टनांवर गेले. भूमिगत खाणी मागे पडल्या, उघड्या खाणींत प्रचंड डंपर आणि फावडीयंत्रे आली, आणि माती काढण्याचे व वाहतुकीचे काम ठेकेदारांकडे गेले. सूर्यशक्तीने खाणकामगाराचे काम हिरावून घेतले असे उद्या कोणी म्हटले, तर तो हिशेब चुकीचा ठरेल. त्याची जागा कोळशाच्या भरभराटीतच गेली आहे. त्याच्या जागी जो आला तो कंत्राटी आहे, आणि त्याच्याही पलीकडे झारखंडच्या रस्त्यांवर सायकलीला दोन-दोन क्विंटल कोळसा बांधून ती ढकलीत नेणारा माणूस आहे. तो तर कोणाच्याच वहीत नाही.

दिल्लीचे बदरपूर औष्णिक केंद्र २०१८ च्या ऑक्टोबरात कायमचे बंद झाले, तेव्हा ही विभागणी उघडी पडली. कायम नोकरीतल्या लोकांची अन्य केंद्रांत बदली होऊ शकली. कंत्राटी कामगारांचे काम मात्र केंद्राबरोबरच संपले.

यावर सामान्यतः असे उत्तर देण्यात येते की, कोळशात गेलेली कामे सौरऊर्जेत मिळतील; माणसांना फक्त शिकविले पाहिजे. सौरऊर्जेची देशातील स्थापित क्षमता २०२५ च्या आरंभी एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली हे खरे आहे. पण सूर्याचे मोठे प्रकल्प राजस्थान, गुजरात आणि कर्नाटक या राज्यांत आहेत. कोळसा झारखंड, ओडिशा, छत्तीसगढ या पट्ट्यात. शिवाय या कामाचे स्वरूपही निराळे आहे. कर्नाटकातील पावगडा येथे सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. उभारणी चालू असते तेव्हा अशा ठिकाणी हजारो हात लागतात. ती संपल्यावर पाट्या धुणारे, गवत कापणारे, पहारा करणारे आणि थोडे तंत्रज्ञ एवढेच उरतात. पावगड्याची जमीन शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेली असल्यामुळे जमीनमालकाला दरवर्षी भाडे मिळते. त्या शेतावर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाला ते मिळत नाही.

घरांच्या छपरांवरील सौरऊर्जा या दृष्टीने अधिक आशादायक आहे, कारण ते काम गावोगावी विखुरलेले असते. त्यासाठी २०१५ पासून 'सूर्यमित्र' नावाचा सुमारे सहाशे तासांचा, तीन महिन्यांचा अभ्यासक्रम चालविण्यात आला. तीन महिने हा काळ थोडा वाटेल. अनुभवी वायरमनला तो पुरतोही. मात्र त्यानेही काही गोष्टी मुळापासून नव्याने शिकाव्या लागतात. घरातील वीज मुख्य खटका पाडला की थांबते. सौर पाटी मात्र ऊन आहे तोवर वीज निर्माण करीतच राहते. तिला बंद करण्याचा उपाय म्हणजे तिला झाकणे. एकामागून एक जोडलेल्या पाट्यांतील एकदिश प्रवाहाचा दाब कित्येक शे व्होल्टपर्यंत जातो, आणि त्याची ठिणगी एकदा पेटली की आपोआप विझत नाही. जोडणीची एक टोपी नीट न दाबल्यामुळे छपराला आग लागू शकते. हे शिक्षण घाईने उरकण्यासारखे नाही. आणि अशा वर्गात प्रवेशासाठी दहावी किंवा आय.टी.आय.चे प्रमाणपत्र मागितले जाते. खाणीच्या ठेकेदाराकडे पंधरा वर्षे राबलेल्या, सातवीत शाळा सोडलेल्या माणसापुढे दार तेथेच बंद होते.

शालेय प्रमाणपत्र ही अपरिहार्य अट आहे काय? राजस्थानच्या अजमेर जिल्ह्यात तिलोनिया येथे १९७२ साली स्थापन झालेल्या 'बेअरफूट कॉलेज' या संस्थेने याचे उत्तर प्रत्यक्ष कामाने दिले आहे. निरक्षर किंवा अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना, त्यांत आजी झालेल्या स्त्रिया पुष्कळ, आणि आफ्रिकेतून आलेल्या, शिक्षकाची भाषा मुळीच न जाणणाऱ्याही, तेथे सहा महिन्यांत सौर दिव्यांची मंडले जोडण्यास शिकविले जाते. शिकविण्याचे साधन रंगांच्या खुणा, हातवारे आणि पुन्हापुन्हा करून पाहणे हे आहे. तिलोनियाचा नमुना मोठ्या कारखान्याला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. परंतु वाचता न येणे म्हणजे शिकता न येणे, हा समज तेथे खोटा ठरला आहे.

डिजिटल कौशल्यांच्या बाबतीतही हाच विचार उपयोगी पडतो. पूर्वी खाणीतील सरदार सुरक्षादिव्याच्या ज्योतीवर उमटणारी निळी झाक पाहून मिथेन वायूचे प्रमाण ओळखीत असे. आता उपकरण आकडा दाखवते. नव्या त्रिकला विद्युत इंजिनात बिघाड झाला की पडद्यावर संदेश येतो. तो वाचता आला पाहिजे, यात शंका नाही. आणि तो पुष्कळदा इंग्रजीत असतो, ही अडचण सहज दूर होण्यासारखी असूनही तशीच आहे. परंतु पडद्यावरचा संदेश खरा आहे, की आकडा टिपणारा संवेदकच बिघडला आहे, हे ठरविताना ज्याने वर्षानुवर्षे धुऱ्याच्या पेटीला हात लावून तिची ऊब जोखली, त्याचे ज्ञान लागते. नवशिक्या मुलाला पडदा लवकर समजतो आणि यंत्र उशिरा. जुन्या फिटरचे उलट असते. दोघांना एका पाळीत ठेवणे हा त्यांना शिकविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तो फारसा कोणी अवलंबीत नाही, कारण जुन्याला लवकर निवृत्त करणे हिशेबाच्या वहीत अधिक फायद्याचे दिसते.

चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे, आणि भोवताली वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. ते उद्याच बंद होणार आहे असे नव्हे; म्हणूनच शिकविण्याची वेळ आताची आहे. चित्तरंजनला बॉयलर आणि विजेची इंजिने एकाच आवारात घडत होती, तसा हा काळ आहे. तेथील कायम कामगाराचे शिक्षण, वय आणि अनुभव यांची नोंद आस्थापनेकडे असते. कोळशाच्या पट्ट्यांवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला पट्टा सरळ धावता ठेवणे, बेअरिंग बदलणे, थोडीफार जोडकामाची विद्या, साचलेल्या भुकटीत धुमसू लागलेली आग वासावरून ओळखणे, हे सारे येते. अवगत कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्यविकासाच्या सरकारी योजनांत आहे. त्यासाठी हा माणूस कोण, कोठे आणि किती वर्षे काम करीत आहे हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. ठेकेदार बदलला की त्याची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. त्याच्यापाशी असतो तो प्रवेशद्वारावरचा पास. त्यावर नाव, ठेकेदाराचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख असते, कामाचा रकाना नसतो.