कृती कुणाचीही, निवाडा आपला

लोणावळा-खंडाळ्यापासून कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगावपर्यंतच्या हॉटेलांतून आणि परमिट रूममधून आलेले बारटेंडर, कॅप्टन, वेटर, मालक मंडळी आणि हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलामुलींनो,

अध्यक्षपदासाठी तुम्ही काउंटरच्या आत आयुष्य काढलेल्या माणसाला बोलावलंत, याबद्दल आभारी आहे. आपल्या धंद्याच्या कार्यक्रमांत अध्यक्ष बहुधा काउंटरच्या बाहेरचा असतो. संमेलन सोमवारी ठेवलंत, त्याबद्दल वेगळे आभार. शनिवारी ठेवलं असतं तर या सभागृहात मी आणि स्वागताध्यक्ष असे दोघंच बसलो असतो.

सकाळपासून इथे एकच वाद रंगला आहे: कॉकटेल कोण चांगलं करतं, कृत्रिम बुद्धिमत्ता की माणूस? तरुण मुलं म्हणतात, फोनला विचारलं की अर्ध्या मिनिटात दहा कृती मिळतात. जुनी मंडळी म्हणतात, यंत्राला चव काय कळणार? मला दोन्ही बाजू थोड्या घाईच्या वाटतात. म्हणून आधी यंत्राचं जे देणं आहे ते देऊन टाकतो.

ही गोष्ट कालची नाही. २०१३ मध्ये एमआयटीतल्या कार्लो रात्ती यांच्या गटाने ‘मेकर शेकर’ हा पेय बनवणारा यंत्रमानव सॅन फ्रान्सिस्कोत दाखवला. पुढच्याच वर्षी रॉयल कॅरिबियनच्या ‘क्वांटम ऑफ द सीज’ या जहाजावर यंत्राच्या हातांनी चालणारा बार सुरू झाला. क्रूझवर नोकरी करून आलेल्या आपल्यातल्या काहींनी असा बार पाहिला असेल. त्याला सुट्टी लागत नाही आणि तो माप चुकत नाही. तरी त्याच्या वरच्या बाटल्या भरायला, सांडलेलं पुसायला आणि रुसलेल्या प्रवाशाची समजूत काढायला माणसं लागतातच. २०१५ मध्ये आयबीएमच्या ‘शेफ वॉटसन’ या संगणक प्रणालीने सुचवलेल्या कृतींचं पुस्तक आलं. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि हे सगळं आपल्या खिशातल्या फोनमध्ये उतरलं.

त्याचा खरा फायदा कुणाला झाला, ते सांगतो. आपल्या विद्येची पुस्तकं इंग्रजीत. झेडपीच्या शाळेतून आलेला नाणे मावळातला किंवा आंदर मावळातला मुलगा बारमध्ये लागला, तर ‘ड्राय शेक’ म्हणजे काय हे विचारायला त्याला लाज वाटायची आणि सांगणाऱ्याला सवड नसायची. आज तो मराठीत विचारतो, मराठीत उत्तर मिळतं आणि कुणी हसत नाही. लग्नाच्या पार्टीसाठी दोनशे ग्लासांचं माप काढणं, एका ग्लासाचा खर्च काढणं, मिश्रणात मद्यार्क किती टक्के होईल हे सांगणं, ही कामं यंत्र झटपट करतं. अर्थात आकडेमोडही एकदा तपासून घ्यावी लागतेच. या बाबतीत नाक मुरडणारे आपण कोण?

पण मालक मंडळींपैकी काहींनी यातून भलताच अर्थ काढला आहे. कृती फुकट मिळते, मग अनुभवी बारमनला पगार कशाला? त्यांना माझं उत्तर असं, की कृती आजच फुकट झालेली नाही. १८६२ मध्ये जेरी थॉमस या अमेरिकन बारमनने कॉकटेलचं पहिलं मोठं पुस्तक छापलं. १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या हॅरी क्रॅडॉकचं आलं. दीडशेहून अधिक वर्षं कृती बाजारात उघड्या पडल्या आहेत. कृती वाचून काम भागलं असतं तर आपला व्यवसाय केव्हाच बुडाला असता. तो उलट वाढला. मुंबईत १९८० च्या दशकात शतभी बसूंसारखी बाई बारमागे उभी राहिली आणि पुढे तिने शिकवण्याची संस्था काढली. तिच्याकडे मुलं गेली ती शिकायला. कृती त्यांना पुस्तकातही मिळाली असती.

त्याहून जुनं उदाहरण आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचं आहे. १६३८ मध्ये मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला. तिथले इंग्रज व्यापारी मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एकत्र करून पितात, अशी नोंद त्याने केली आहे. चार जिन्नसांची कृती. पण त्यात कुठेही लिहिलेलं नाही की लिंबू उन्हाळ्यातलं की पावसाळ्यातलं, आणि गुलाबपाणी किती घातलं की पेयाला अत्तराचा वास मारतो. आज तळेगावच्या आसपासच्या पॉलिहाऊसमधले गुलाब परदेशी जातात. आपल्या काउंटरवरचं गुलाबाचं सिरप मात्र लाल रंगाच्या बाटलीतून येतं.

आता करवंदाकडे येतो. एप्रिलच्या शेवटापासून घाटात करवंदं पिकू लागतात. जुन्या हायवेवर बायाबापड्या पळसाच्या द्रोणात ती घेऊन बसतात. मी यंत्राला विचारलं, करवंदाचं पेय सांग. त्याने कृती दिली, नीट दिली. शेवटी एक सूचना जोडली: करवंद न मिळाल्यास क्रॅनबेरी वापरा. लोणावळ्याच्या माणसाला क्रॅनबेरी! यात यंत्राचा दोष नाही. ते जे लिहिलं गेलं आहे त्यावर वाढलेलं आहे. क्रॅनबेरीवर ढिगाने लिहिलं गेलं, करवंदावर फारसं नाही. कच्च्या करवंदाला चीक असतो, तो ओठाला चिकटतो, म्हणून घरी ते चिरून मिठाच्या पाण्यात ठेवतात. पहिल्या वळवानंतर फळ पाणचट होतं, त्यात किडे पडतात. राजमाचीकडचं आणि कुरवंड्याकडचं करवंद एकाच आठवड्यात सारखं लागत नाही. हे फळ खुडणाऱ्या बाईला ठाऊक आहे, पण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

गंमत पाहा. आपण कॉकटेलवर जी लालभडक ‘चेरी’ ठेवतो ती पुष्कळदा चेरी नसते. उत्तरेत पिकणारा करोंदा, म्हणजे करवंदच, बिया काढून, पाकात मुरवून, रंगवून डब्यात भरलेला असतो. म्हणजे करवंद आपल्या ग्लासात कित्येक वर्षांपासून आहे, दुसऱ्याचं नाव लावून. ते त्याच्या स्वतःच्या नावाने आणायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

जांभळाचंही तसंच. यंत्र एका जांभळ्या फळाच्या जागी दुसरं सुचवू शकतं. पण जांभूळ तुरट आहे, आणि तुरटपणावर लिंबू पिळलं की तो आणखी चढतो. अशा वेळी लिंबू कमी करायचं, चिमूटभर मीठ घालायचं, साखर किंचित वाढवायची. किती, ते त्या दिवशीचं जांभूळ सांगतं.

इथे एक संशोधनाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०११ मध्ये बाराबासी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ५६,००० हून अधिक पाककृती संगणकावर तपासल्या. उत्तर अमेरिकी स्वयंपाकात एकसारखे गंधघटक असलेले जिन्नस एकत्र येतात, असं त्यांना दिसलं. शेफ वॉटसनसारख्या प्रयोगांमागे हाच विचार होता: वासाचे नातेवाईक शोधा आणि त्यांना एकत्र आणा. मग २०१५ मध्ये आयआयटी जोधपूरच्या गणेश बागलर आणि सहकाऱ्यांनी अडीच हजारांवर भारतीय पाककृती तपासल्या. इथे उलटं निघालं. आपण एकमेकांशी नातं नसलेले जिन्नस एकत्र आणतो, आणि हे जमवून आणण्यात मोठा वाटा मसाल्यांचा असतो. आपल्या आजीला याचं आश्चर्य वाटलं नसतं. कैरीच्या पन्ह्यात वेलची आणि केशर, आमसुलाच्या सारात जिरं आणि हिंग, मठ्ठ्यात आलं आणि कोथिंबीर. मावळातल्या बारटेंडरने शिकायचं तर या घरातल्या चवीपासून सुरुवात करायला हवी. यंत्राचा हात आज तरी दुसऱ्या दिशेला आधी वळतो.

आता बर्फ. ग्राहकाला तो दिसतो, मालकाला त्याचं बिल दिसतं, बारमनला त्यातलं पाणी दिसावं लागतं. शेकरमध्ये बर्फ शून्य अंशावर असला तरी मद्यार्कामुळे मिश्रण शून्याच्या खाली जातं, आणि तेवढं थंड होताना बर्फ वितळून पाणी मिसळतं. ढवळलेल्या पेयात चांगला मोठा हिस्सा हे पाणीच असतं, शेक केलेल्यात आणखी जास्त. ते पाणी हा पेयाचा भाग आहे, भेसळ नव्हे. पण जुलैत लोणावळ्यात तास न् तास वीज जाते, बर्फ पाझरतो, आणि तोच शेक तेवढाच वेळ केला तर ग्लासात पाणचट सरबत उतरतं. अनुभवी हात शेकरच्या आवाजावरून ओळखतो की खडे झिजले, आता थांब. कृतीत मात्र बारा सेकंद लिहिलेले असतात.

सुरक्षिततेबद्दल बोलायलाच हवं. २०२३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ‘पॅकनसेव्ह’ या किराणा साखळीच्या पाककृती सुचवणाऱ्या यंत्राने ब्लीच आणि अमोनिया मिसळलेलं पेय तहान भागवायला उत्तम म्हणून सुचवलं. त्यातून विषारी वायू निघतो. कुणीतरी मुद्दाम ते जिन्नस टाकून परीक्षा पाहिली होती, हे खरं. पण यंत्राने नाही म्हटलं नाही. जुन्या मंडळींनी यावर लगेच टाळ्या वाजवू नयेत. २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये मुखशुद्धी म्हणून ग्राहकांच्या हाती ड्राय आइस दिला गेला आणि माणसं रक्ताच्या उलट्या करू लागली. तो माणसाच्या हातून दिला गेला होता. तेव्हा माणूस असणं पुरेसं नाही. आपल्या अंगणातली कण्हेर दिसायला सुंदर, पण विषारी. ती गार्निश म्हणून कुणाच्या ग्लासावर दिसली, तर फोनवरचा फोटो पाहून ठेवली ही सबब चालणार नाही. ग्लासच्या काठाला चिक्कीचा चुरा लावण्याची इथे फॅशन आली आहे, ठीक आहे. पण त्यात शेंगदाणा आहे हे आधी सांगा. शेंगदाण्याची अॅलर्जी जीव घेऊ शकते.

आणि समोरचा माणूस. “दादा, काहीतरी हटके द्या ना,” असं म्हणणारा पंचविशीचा आहे का? महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी पंचवीस, बिअर-वाइनसाठी एकवीस. त्याने गाडीची चावी काउंटरवर ठेवली आहे का? त्याला घाट उतरायचा आहे का? शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि खंडाळ्याचं वळण तर कायद्याइतकीही सवलत देत नाही. अशा वेळी उत्तम बारटेंडर तिसरा पेग हळू आणतो, मधे पाणी ठेवतो, भजी मागवायला सुचवतो, त्याच्या सोबतच्या माणसाशी दोन शब्द बोलतो. यातलं काहीही कॉकटेलच्या कृतीत येत नाही, तरी त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं कौशल्य तेच असतं.

म्हणून मला वाटतं की माणूस की यंत्र हा प्रश्न आपण चुकीच्या जागी विचारतो आहोत. कृती सुचवणं हे काम कुणीही करावं. हे फळ आज कसं आहे, हा बर्फ कसा आहे, हा माणूस कसा आहे, आणि म्हणून ग्लासात काय जाईल, हा निवाडा आहे. निवाडा करणाऱ्याला त्याबद्दल उत्तर द्यावं लागतं, म्हणून तो माणसाकडेच राहायला हवा.

पण नुसतं म्हणून निवाडा आपल्याकडे राहत नाही, तो कमवावा लागतो. त्यासाठी अध्यक्ष म्हणून चार गोष्टी मांडतो.

पहिली, प्रत्येक बारमध्ये चवीची वही ठेवा. तारीख, फळ, कुठल्या गावचं, किती आंबट, किती गोड. द्राक्षबागायतदार वापरतात तो ब्रिक्स, म्हणजे गोडी, मोजायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर काही फार महाग नाही. वर्षअखेर या वह्या एकत्र करून छापू. मावळाची चव लिहिली गेली, तर उद्याचं यंत्रसुद्धा क्रॅनबेरीऐवजी करवंद म्हणेल.

दुसरी, यंत्राने सुचवलेलं कोणतंही पेय दोन माणसांनी चाखल्याशिवाय आणि त्यातला प्रत्येक जिन्नस तपासल्याशिवाय मेनूवर जाऊ नये.

तिसरी, करवंद, जांभूळ, इंद्रायणी तांदूळ वापराल तेव्हा मेनूवर गावाचं नाव घाला आणि खुडणारीला घासाघीस न करता भाव द्या. साडेपाचशेच्या ग्लासात तिच्या द्रोणाचा वाटा किती, हे एकदा मोजून पाहा.

चौथी, मद्य नसलेल्या पेयाला तेवढीच मेहनत द्या. गाडी चालवणारा, न पिणारा आणि मुलाबाळांसह आलेला माणूस हाही पाहुणाच आहे. ‘मानसोल्लास’ लिहिणाऱ्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात पानकांना, म्हणजे सरबतांना, राजाच्या उपभोगात जागा दिली होती. आपण मात्र अशा पाहुण्याला सोडा आणि रंगीत सिरप देऊन वाटेला लावतो.

मालकांना शेवटची विनंती. यंत्रामुळे वाचलेला वेळ आणि पैसा मुलांना चाखायला शिकवण्यावर खर्च करा. महिन्यातून एक दुपार, चार लिंबं, चार गूळ, चार पाणी. बिनकामाचं वाटेल, पण दिवाळीच्या गर्दीत त्याची किंमत कळेल.

मुलांनो, तुम्ही खुशाल फोनला विचारा. पण पाहुण्याने “हे कुणी केलं?” असं विचारलं, तर “मी” म्हणणारा माणूस काउंटरमागे असला पाहिजे, आणि ते त्याने स्वतः चाखलेलं असलं पाहिजे. करवंदांचा हंगाम येतो आहे, त्याआधी वह्या आणून ठेवा.