उपसलेली विहीर आणि थकलेला माणूस

इंग्रजी भाषेत माणूस दमल्याचे आणि वस्तू संपल्याचे वर्तमान एकाच क्रियापदाने सांगण्याची सोय फार मोठी आहे. दिवसभर राबलेला मजूर ‘एक्झॉस्ट’ होतो आणि खाणीतला कोळसाही ‘एक्झॉस्ट’ होतो. मराठीने हा व्यवहार बराचसा वेगळा ठेवला आहे. आपल्याकडे धान्य सरते, तेल संपते, विहीर आटते. माणूस मात्र थकतो, दमतो, शिणतो, भागतो. इंग्रजी उताऱ्याचे भाषांतर करावयास बसलेला विद्यार्थी ‘एक्झॉस्टेड’ या शब्दापुढे ‘थकलेला’ असे लिहून मोकळा होतो. ते चुकीचे नाही. पण मूळ शब्दात जे चित्र आहे ते त्या भाषांतरात उतरत नाही.

ते चित्र विहिरीचे आहे. लॅटिन भाषेत ‘हाउरिरे’ म्हणजे शेंदणे, आणि ‘एक्स’ म्हणजे बाहेर. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो पाणी, हवा वगैरे बाहेर काढून घेण्याच्या अर्थाने. पुढे रॉबर्ट बॉइलने १६६० साली आपले हवेच्या पंपाचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतले काचेचे भांडे हवेने रिते केलेले, म्हणजे ‘एक्झॉस्ट’ केलेलेच होते. वाफेच्या यंत्रातून बाहेर पडणारी वापरलेली वाफ आणि मोटारीच्या नळीतून निघणारा धूर यांनाही तेच नाव मिळाले. या शब्दाला मराठीत अगदी नेमका जोड आहे, तो म्हणजे ‘उपसणे’. पण गंमत अशी की मराठी माणूस ‘कष्ट उपसतो’. येथे उपसणारा माणूस असतो आणि उपसले जातात ते कष्ट. इंग्रजीत कष्ट राहतात बाजूला आणि उपसला जातो तो माणूस.

‘ड्रेन’ हे क्रियापद याच घराण्यातले, परंतु ते अस्सल जुन्या इंग्रजीतले आहे आणि कोरडेपणा दाखविणाऱ्या ‘ड्राय’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. दलदलीचे पाणी चर खणून काढून देणे हा त्याचा शेतकी अर्थ. हिंदुस्थानच्या इतिहासात या साध्या क्रियापदाने जी कामगिरी केली तिला तोड नाही. दादाभाई नौरोजी यांनी १८६७ साली लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधापासून १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथापर्यंत एकच मुद्दा आकडे मांडून पुन्हा पुन्हा सांगितला. या देशाच्या उत्पन्नाचा काही भाग दरसाल मोबदल्यावाचून इंग्लंडला जातो, हा तो मुद्दा होय. संपत्ती बाहेर जात असल्याची तक्रार भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ सालीच ‘बॉम्बे गॅझेट’ पत्रातून मांडली होती. पण ‘ड्रेन’ हा शब्द सर्वतोमुखी केला तो दादाभाईंनी. मराठी ग्रंथकारांनी त्याला ‘संपत्तीचे निःसारण’ असा भारदस्त प्रतिशब्द दिला. तो शुद्ध आहे, पण त्यात चर खणणारा हात दिसत नाही.

आणि सारा प्रश्न त्या हाताचाच होता. ‘देश गरीब झाला’ या वाक्यात गुन्हेगार कोणीच नसतो. पाऊस पडला नाही किंवा लोक आळशी आहेत, असे उत्तर देऊन सुटता येते. ‘देशाचे ड्रेन झाले’ म्हणताच कोणी केले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘एक्झॉस्टेड’, ‘ड्रेन्ड’, ‘वोर्न आउट’ ही सारी कर्मणी रूपे आहेत. कर्ता न सांगितला तरी त्याची जागा रिकामी दिसते. मराठीतले ‘थकलो’, ‘दमलो’ हे अकर्मक. गिरणीतला कामगार संध्याकाळी थकतो, तेव्हा भाषेपुरते तरी त्याला कोणीही थकविलेले नसते. ‘दमवणे’ हे सकर्मक रूप आहे खरे, पण त्याचा नित्याचा कर्ता आईला दमविणारे खोडकर मूल हा असतो. दोषच द्यावयाचा तर मराठी माणसाला ‘पिळून काढले’, ‘रक्त आटविले’ अशा जळजळीत शब्दांकडे वळावे लागते. मधली, हिशेबी तक्रारीची पायरी मराठीत अरुंद आहे.

‘सॅप’ या क्रियापदाची हकीकत आणखी मौजेची आहे. ‘तापाने त्याची शक्ती सॅप केली’ असे म्हणताना इंग्रजाच्या मनात बहुधा झाडाचा चीक असतो, कारण झाडाच्या रसालाही ‘सॅप’च म्हणतात. परंतु क्षीण करणारा ‘सॅप’ हा फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी इटालियन ‘झाप्पा’ म्हणजे कुदळ आहे. किल्ल्याच्या तटापर्यंत चर खणीत जाऊन त्याचा पाया पोखरणे हा त्याचा मूळ अर्थ. खडकीस मुख्य ठाणे असलेल्या ‘बॉम्बे सॅपर्स’ या पलटणीच्या नावात तो जिवंत आहे. दोन शब्द उच्चाराने एक झाले आणि अर्थानेही एकमेकांत मिसळले.

मराठीत हेच ‘दम’ या शब्दाचे झाले आहे. ‘दम लागला’ यातला दम फारसी, त्याचा अर्थ श्वास. ‘दमणे’ मात्र संस्कृत ‘दम्’ धातूकडे जाते, ज्याचा अर्थ वश होणे, वश करणे. मानेवर जू घ्यावयास शिकवावयाच्या गोऱ्ह्याला संस्कृतात ‘दम्य’ म्हणतात. इंग्रजी ‘टेम’ आणि ‘डॉन्ट’ हे शब्द याच धातूचे दूरचे आप्त होत.

आपल्या शब्दात बैल, तर इंग्रजीत घोडा. ‘जेडेड’मध्ये रखडत चालणारे मरतुकडे घोडे आहे, ‘हॅकनीड’मध्ये भाड्याचे तट्टू आहे, आणि बोलीतल्या ‘नॅकर्ड’ शब्दाचा संबंध म्हातारी घोडी कापण्यासाठी विकत घेणाऱ्या माणसाच्या धंद्याशी आहे.

‘वेअर आउट’मध्ये अंगावर वापरून विरलेले कापड आहे. मराठीत त्या जागी ‘झिजणे’ येते, पण आपण जोड्याबरोबर चंदनही झिजविले असल्यामुळे झिजलेल्या माणसाबद्दल मराठीत आदर वाटतो. इंग्रजीतल्या विरलेल्या माणसाच्या वाट्याला फार तर कणव येते. ‘कन्झम्प्शन’ या जुन्या रोगनामाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे एकमत आहे. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून देण्यापूर्वीच्या काळात जे डोळ्यांना दिसत होते, म्हणजे माणसाचे हळूहळू संपत जाणे, तेच दोघांनी नाव म्हणून घेतले. ग्रीक ‘फ्थिसिस’ हे नाव तर संस्कृत ‘क्षि’ धातूचे सख्खे भावंड आहे.

क्वचित प्रवास उलटाही होतो. माणसाचा ‘फटीग’ इंग्रजी यंत्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच लोखंडाला लावला, आणि १९५४ साली कॉमेट विमाने कोसळली तेव्हा धातूही थकतो हे साऱ्या जगाला कळले. मराठीने आपले ‘थकणे’ दिले ते पैशाला. भाडे थकते, सारा थकतो, त्याची थकबाकी होते. येथे मात्र सकर्मक रूप बिनचूक कर्ता दाखविते, आणि वर्षानुवर्षे सारा थकविणारा मनुष्य स्वतः बहुधा चांगला ताजातवाना असतो.