पुरंदरावरचे ‘शत्रू’

(कात्रज येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



कात्रजच्या आग्नेयेस, डोंगररांगांपलीकडे पुरंदर उभा आहे. संभाजीराजांचा १६५७ मधील जन्म, मुरारबाजींचे बलिदान, १६६५ चा तह हा त्याचा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. मात्र दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने याच गडावर जर्मन कुटुंबांना स्थानबद्ध केले होते आणि त्यांत हिटलरच्या तावडीतून निसटलेले ज्यूही होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. जे वेळीच बाहेर पडले, त्यांतील काही मुंबईस पोहोचले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि हातातील जर्मन पारपत्रामुळे हेच निर्वासित ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. चौकशीअंती अनेक सुटले; काहींच्या नशिबी पुन्हा स्थानबद्धताच आली.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी नाझी सरकारने परदेशस्थ जर्मन ज्यूंचे नागरिकत्वच रद्द केले. बर्लिनच्या लेखी ते जर्मन उरले नाहीत. येथील सरकारच्या लेखी ते जर्मनच राहिले. उलट, १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथे हजारो पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला, कारण त्यांचा देश दोस्त राष्ट्रांपैकी होता. दोघेही बेघरच, फरक होता तो कागदाचा.

पुरंदरची छावणी आणि नाझींच्या मृत्युछावण्या यांना एका मापाने मोजणे हा मृतांचा अपमान ठरेल. गडावर जीव सुरक्षित होता. परंतु मागे राहिलेल्यांचे काय? रेडक्रॉसमार्फत जाणाऱ्या संदेशाला २५ शब्दांची मर्यादा होती. ऑक्टोबर १९४१ पासून जर्मनीतून ज्यूंना पूर्वेकडे नेण्यास आरंभ झाला आणि देश सोडण्याची वाटही बंद झाली. युद्ध संपले तेव्हा सुमारे साठ लाख ज्यूंचा संहार झालेला होता. अशा कुटुंबांच्या स्मृतीत म्हणूनच दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात: आपण वाचलो हे समाधान, आणि ज्यांच्यामुळे गाव आपले होते ते कोणीच उरले नाहीत ही पोकळी.

त्याच काळी पुण्याच्या रास्ता पेठेत मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू राहत होते. कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या त्यांच्या पूर्वजांना गावकऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हटले. जातिव्यवस्थेच्या चौकटीतच का होईना, त्यांना गावात जागा मिळाली. पुढे त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले, पण कोणी हाकलले म्हणून नव्हे.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण काय? १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने अद्याप सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे आलेल्या माणसाचे भवितव्य सरकारच्या मर्जीवर आणि त्याच्याजवळील कागदांवर अवलंबून राहते. असा कायदा व्हावा, ही मागणी समाजवादी कार्यकर्त्याने लावून धरली पाहिजे. आणि वस्तीत कोणी परका आला, तर तो कोठला आहे हे विचारण्याआधी तो कशापासून पळून आला आहे हे विचारले पाहिजे. पुरंदरावर हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.