केडगावची माळरानं आणि रमाबाईंचा भरवसा



वाढत्या चर्चबद्दल बोलायला निघालं की लोक आधी इमारतीची गोष्ट काढतात. मी आज पंडिता रमाबाईंच्या केडगावची गोष्ट सांगणार आहे आणि तिची सुरुवात आपल्या या प्रदेशातच होते.

1896-97 च्या दुष्काळात इथली, नरसिंहपूर, जबलपूरकडची माणसं किडामुंगीसारखी मरत होती. अनाथ मुली नको त्यांच्या हाती पडत होत्या. रमाबाई पुण्याहून इकडे धावून आल्या. लक्षात घ्या, त्या दुष्काळ वाचून ओळखत नव्हत्या. 1874 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि पाठोपाठ आई उपासमारीतच गमावली होती. अशा माणसाला पुन्हा त्या दृश्यात पाऊल टाकायला जे बळ लागतं, त्याला मी श्रद्धा म्हणतो.

त्यांच्या हाती तेव्हा काय होतं? 11 मार्च 1889 ला मुंबईत सुरू होऊन पुढे पुण्यात आलेलं, विधवा-मुलींना शिकवणारं शारदा सदन होतं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांची मदत कबूल केली होती आणि ती मुदत सरत आली होती. ती संपल्यावर काय, या विचाराने त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली होती. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा साधा हिशेब होता.

घरची स्थितीही कठीण होती. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठलं. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. विश्वासाने सोपवलेल्या लेकींची काळजी होती ती. पण रमाबाईंनी आपली ख्रिस्ती श्रद्धा लपवली नाही, हेही तितकंच खरं.

आणि अशा वेळी त्यांनी दुष्काळातल्या सुमारे तीनशे मुली आणल्या! त्यात पुण्यात प्लेग. नव्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई झाली. मग बागेसाठी घेतलेल्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन. आधी जागा, मग पैसा, मग माणसं, हा शहाणपणाचा क्रम तिथे पार उलटला. माणसं आधी आली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या लेकरांचं पोट प्रार्थनेवर भरत नाही, असं कुणी म्हणेल. रमाबाई प्रार्थना करत आणि विहिरीही खणत. शेती, दूधदुभतं, विणकाम, तेलघाणी, छापखाना असे उद्योग तिथे चालले. ज्या मुलींना कालपर्यंत अक्षर ठाऊक नव्हतं, त्या छपाईचे खिळे जुळवू लागल्या. माझ्या मते चर्च वाढलं ते इथे. 1905 च्या जूनमध्ये तिथे जे आत्मिक जागरण झालं, रडणं, पश्चात्ताप, रात्ररात्र प्रार्थना, त्याची चर्चा दूरदेशी पोचली. पुष्कळांना केडगाव आठवतं ते तेवढ्यासाठीच. मला मात्र ते जागरण त्या विहिरींपासून आणि छापखान्यापासून वेगळं काढता येत नाही. ज्या मुलीला आपला जीव कवडीमोल वाटत होता, तिला देव आपलं ऐकतो असं वाटू लागणं, यासाठी आधी कुणीतरी तिला जेवू घालावं लागतं आणि हाताला काम द्यावं लागतं.

शेवटच्या काळात त्या बायबलच्या मराठी भाषांतरात बुडाल्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. सगळा कारभार तिच्यावर सोपवायचा बेत होता. तरी काम थांबलं नाही. भाषांतर पुरं करूनच 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. तो ग्रंथ छापला मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्याने आणि केडगावचं काम आजही चालू आहे.