निकाह काझीकडे, नोंदणी सरकारकडे

(नौपाडा, ठाणे येथे झालेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



समलिंगी विवाह आणि धर्मस्वातंत्र्य या विषयावर बोलाल का, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा मी दोन दिवस मागून घेतले. विषय नाजूक आहे हे एक कारण. दुसरं असं की, बोलायचं तर मला एक कबुली द्यावी लागणार होती. ती शेवटी देतो. सुरुवात माझ्या लग्नापासून करतो, कारण ते ह्याच नौपाड्यात ठरलं.

१९८९ सालची गोष्ट. माझ्या सासऱ्यांचं बिऱ्हाड इथून पाच मिनिटांवर, गोखले रोडच्या मागच्या एका जुन्या इमारतीत. मी राबोडीचा. आम्हा दोघांपैकी कुणालाच धर्म बदलायचा नव्हता. म्हणून आम्ही १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. ही नोटीस कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवस कुणालाही कायद्यातल्या मुद्द्यांवर हरकत घेता येते. आमची नावं आणि पत्ते फलकावर लागले. आठवड्याभरात एक अनोळखी गृहस्थ सासऱ्यांच्या दारात उभे. "तुमच्या मुलीचं काय चाललंय, ठाऊक आहे ना?" त्याच आठवड्यात आमच्या घरी जमातीचे दोन बुजुर्ग आले. "मुलीला कलमा पढवा, निकाह लावा. हे कोर्टातलं लग्न आम्ही धरत नाही."

दोन्ही दारांत एकच म्हणणं होतं : तुमचं लग्न आम्हाला मान्य नाही. महिना संपला, तीन साक्षीदारांसमोर आम्ही सह्या केल्या आणि लग्न झालं. त्या गृहस्थांचं मत बदललं नाही, बुजुर्गांचंही नाही. त्यांचं मत त्यांच्यापाशी राहिलं, आमचं लग्न आमच्यापाशी. कायद्याने एवढंच केलं, पण तेवढ्यावर आमचा संसार उभा राहिला.

हा कायदा कुठून आला ते पाहा. १८७२च्या जुन्या कायद्यात लग्न करणाऱ्याला लिहून द्यावं लागे की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही. म्हणजे लग्न हवं तर धर्म नाकारा. १९५४च्या कायद्याने ती अट काढली. तुम्ही तुमच्या धर्मात राहा आणि लग्न सरकारदरबारी नोंदवा. म्हणून मी म्हणतो, हा कायदा धर्माच्या विरोधातला नाही, धर्मस्वातंत्र्यातूनच आलेला आहे. केरळात कासारगोड जिल्ह्यात वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी, निकाह झालेला असूनही, ८ मार्च २०२३ला ह्याच कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. तीन मुलींना पूर्ण वारसा मिळावा म्हणून. मुसलमान राहूनच केलं.

आता मूळ मुद्दा. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. म्हणजे ते गुन्हेगार राहिले नाहीत. पुढचा प्रश्न लग्नाचा आला. १८ एप्रिल २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' खटल्याची सुनावणी सुरू झाली. न्यायालयाने पहिल्याच दिवशी सांगितलं की आम्ही व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नाही, फक्त विशेष विवाह कायद्यापुरतं बघू. म्हणजे निकाहचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. तरीही जमियत उलेमा-ए-हिंदने हस्तक्षेप अर्ज केला. विवाह स्त्री-पुरुषाचाच असतो, सगळ्या व्यक्तिगत कायद्यांचा तो पाया आहे, अशी त्यांची भूमिका. केंद्र सरकारही विरोधात होतं. ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे, असा सरकारचा सूर होता.

१७ ऑक्टोबर २०२३ला निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलणं संसदेचं काम, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत. विवाह नाही तर निदान जोडीदार म्हणून कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन, आणि मान्यता नाकारली गेली. जानेवारी २०२५मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या.

मित्रांनो, आपल्या मोहल्ल्यात यावर जे प्रश्न विचारले जातात, ते मी टाळणार नाही.

पहिला : उद्या आमच्या काझीला असे निकाह लावायला भाग पाडतील का? नाही. तशी मागणीच नव्हती. इंग्लंडमध्ये २०१३ साली समलिंगी विवाहाचा कायदा झाला तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं की कुठल्याही धर्मसंस्थेवर सक्ती नाही. जी संस्था स्वतःहून तयार होईल तिच्याच इमारतीत असं लग्न लागेल. काझीचा नकार हा त्याचा हक्क आहे, आणि त्या हक्कासाठीही मी उभा राहीन.

दुसरा : इस्लाममध्ये याला जागा आहे का? मी आलिम नाही, फतवा द्यायला आलेलो नाही. उलेमांची भूमिका सर्वांना माहीत आहे. पण आपल्या धर्मात सूद हराम आहे, म्हणून शेजाऱ्याचं बँकेतलं खातं बंद करा असं आपण म्हणत नाही. आपल्यावरचं बंधन आपण पाळतो, ते दुसऱ्यावर कायद्याने लादत नाही.

तिसरा प्रश्न समान नागरी कायद्याचा. आज हे, उद्या ते? त्या कायद्याबद्दल आपल्यातही मतभेद आहेत, तो वाद आज नको. पण फरक ध्यानात घ्या. तो कायदा सगळ्यांना लागू होईल. विशेष विवाह कायदा ज्याला हवा त्याच्यासाठी आहे.

आणि आता एक प्रश्न माझा. 'बहुसंख्य समाजाला मान्य नाही' हे कारण एकदा आपण स्वीकारलं, तर ते आपल्याविरुद्ध वापरलं जाणार नाही का? लांब कशाला, १३ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी समिती. दोनच दिवसांत 'आंतरजातीय' वगळलं, राहिलं 'आंतरधर्मीय'. म्हणजे माझ्यासारख्यांच्या घरावर लक्ष. तेव्हा आपण सगळे म्हणालो, दोन सज्ञान माणसांच्या संसारात सरकारने डोकावू नये. बरोबर म्हणालो. मग चारच महिन्यांनी तेच तत्त्व दुसऱ्या कुणासाठी लावायची वेळ आली, तेव्हा आपण गप्प का बसलो?

आता कबुली. २०२३मध्ये या मागणीला पाठिंबा देणारं एक निवेदन माझ्याकडे सहीसाठी आलं. मी सही केली नाही. म्हणालो, आधी तलाक, पोटगी, मुलींचं शिक्षण. ही वेळ नाही. हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला तो १८ एप्रिल १९६६ला. सुनावणी सुरू झाली तीही १८ एप्रिललाच. दलवाईंनाही लोक हेच सांगत होते, ही वेळ नाही. आयुष्यभर त्या वाक्यावर टीका केली आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा तेच वाक्य बोललो.

गेल्या वर्षी माझी भाची मुंब्र्याहून घरी आली. नोकरीनिमित्त ती डोंबिवलीत एका मुलीबरोबर राहते. मी तिला तिची मैत्रीण समजत होतो. त्या मुलीचं तातडीचं ऑपरेशन होतं. दवाखान्यातल्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. भाचीने 'मैत्रीण' लिहिलं. "घरचं कुणी आहे का?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं. घरच्यांनी तर त्या मुलीचं नाव टाकलेलं. ऑपरेशन झालं, ती बरी झाली. पण ते तीन तास सांगताना भाची रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामू, तुमच्या वेळी निदान कायदा तरी होता."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. पण थोडं करण्यासारखं आहे. निकालानंतर २०२४मध्ये केंद्राने काही सूचना काढल्या : अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं, शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरातले धरावं, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. या गोष्टी बँकेतल्या, शिधावाटप कार्यालयातल्या माणसाला ठाऊक असतीलच असं नाही. आपले कार्यकर्ते पोटगीच्या अर्जासाठी बहिणींबरोबर जातात, तसे इथेही जाऊ शकतात. आणि नोटिशीची ती तीस दिवसांची जाहीर अट रद्द करण्याची मागणी आपण लावून धरू शकतो. ती माझ्यासारख्यांच्याही मुळावर येते.

ते निवेदन आता जुनं झालं, सहीचा उपयोग नाही. पण पुढचं निवेदन येईल तेव्हा खाली माझं नाव असेल. तुमचं असावं की नाही, हे तुम्ही ठरवा. माझं म्हणणं संपलं. आता प्रश्न विचारा, विरोधाचेसुद्धा.