आडाखा आणि पडताळा

(सहाय्यकांच्या सभेत केलेल्या भाषणातून)



आज मी माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते. धडगावकडच्या पाड्यावरची एक मुलगी आमच्या वसतिगृहात होती. घरी पावरी बोलणारी, अभ्यासाच्या वेळी गप्प. एकदा मी गणित घातले : एक वही १८ रुपयांची, तर ७ वह्यांचे किती? ती लगेच म्हणाली, "१२६." पाटीवर गुणाकार मांडलेला नव्हता. शेजारणीचे पाहिले असेल, असे समजून मी रागावले. नोंदवहीत लिहिले, 'गणितात कच्ची.'

पुढच्या आठवडी बाजारात तिची आई आमचूर विकायला बसली होती. ही शेजारी बसून तोंडी हिशेब सांगत होती, एकही चुकत नव्हता. मी विचारले, "त्या दिवशी उत्तर कसं काढलंस गं?" ती म्हणाली, "ताई, १८ ला २० धरले. सात वेळा २० म्हणजे १४०. दर वहीला दोन जास्त धरले होते, ते १४ काढून टाकले."

अशा युक्तीला 'ह्युरिस्टिक' म्हणतात. शोधून काढणे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून हा शब्द आला. आर्किमिडीजचा 'युरेका' त्याच कुळातला. आपण त्याला आडाखा म्हणू. आडाखा वाट दाखवतो, पण ती बरोबरच असेल याची हमी देत नाही.

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा आणि शेवटी मागे वळून तपासा. अडलात तर तशाच एखाद्या सोप्या प्रश्नापासून सुरुवात करा, असेही ते सांगतात. या मुलीने पोल्यांचे नावही ऐकले नव्हते. तरी तिने १८ सोडून सोपे २० घेतले आणि जास्त धरलेले आठवणीने वजा केले.

आडाखा माझ्याकडेही होता : जे मूल गप्प, ते कच्चे. कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली हेच मांडले, की असे आडाखे बहुधा उपयोगी पडतात, पण ठरावीक चुकाही करायला लावतात. तिने आपला आडाखा पडताळून पाहिला. मी माझा पाहिला नाही.

म्हणून आपल्यापैकी जे मुलांचा अभ्यास घ्यायला येतात, त्यांना माझी विनंती आहे. रीत सांगण्याची घाई करू नका. उत्तर बरोबर असो वा चूक, "कसं काढलंस?" हे विचारा. मराठीत सांगता येत नसेल तर त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या. दुसरे मूल आपल्याला समजावून देईल. निरनिराळ्या रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.

ती नोंद मी खोडली आणि मुलीची क्षमा मागितली. त्या संध्याकाळी तिची रीत तिनेच फळ्यावर सर्वांना शिकवली. मीही मुलांमध्ये बसून शिकले.

मुलांचे ऐकून घेण्याचा धीर प्रभू आपणां सर्वांस देवो.